उखर्डू सरांचं उदाहरण

माझ्या भावाचं नाव उखर्डू. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे संधी मिळायची नाही. धुळ्याला देवपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यानं तेहतीस वर्षं पोरांना तर्कशास्त्र शिकवलं, आणि दर जूनमध्ये पहिल्या तासाला वर्ग असाच हसायचा. तो हसू द्यायचा. मग स्वतःचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि विचारायचा, "याचा अर्थ काय?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचंच, "उकिरडा, सर!"

"शाब्बास. माझ्या आधी तीन भावंडं झाली, तिन्ही गेली. त्यांची नावं छान छान होती. मी चौथा. आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, नाव उखर्डू ठेवलं, आणि मी जगलो. आई म्हणते, असं नाव ठेवलं म्हणून जगला. आता मला सांगा, यातली आधारविधानं कोणती, निष्कर्ष कोणता, आणि तो निष्कर्ष त्या विधानांतून खरंच निघतो का?"

निघत नाही, हे तो तासभर समजावायचा. एकापाठोपाठ एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कोंबडं आरवल्यावर उजाडतं, पण कोंबडं कापलं तरी उजाडतंच. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि सुटीत पुन्हा 'उकिरडा सर' म्हणून खिदळायची.

मी कोकिळा, त्याची धाकटी बहीण. जामनेरला दिलेली. तोंडाची फटकळ, असं सासरी-माहेरी दोन्हीकडे म्हणतात, आणि खोटं नाही ते. मी हे सगळं सांगत बसलेय ते भावाचं कौतुक करायला नाही. माझ्या भावानं पंचवीस वर्षं एका बाईला एका निष्कर्षापासून लांब ठेवायला खर्च केली. ती बाई म्हणजे माझी वहिनी, सुंदरबाई. तो निष्कर्ष असा, की स्वतःचा मुलगा तिनंच घालवला. आणि यात माझा काय हात आहे ते मला सांगायचंय. सांगताना जीभ अडखळली तर समजून घ्या.

भावाच्या पहिल्याच बॅचला मी होते. आमच्या गावात बारावी झालेली पहिली मुलगी मी, आणि ती केवळ त्याच्यामुळे. त्यानं मला धुळ्याला आपल्या खोलीवर आणून ठेवलं, स्वयंपाक दोघांनी मिळून केला आणि मला कॉलेजात घातलं. पहिल्या आठवड्यात त्यानं शिकवलेलं मला अजून पाठ आहे. विधान म्हणजे जे खरं तरी असतं किंवा खोटं तरी. 'हाय रे देवा' हे विधान नव्हे, रडणं आहे. रडणं खरं-खोटं नसतं. दुसरं, आधारविधानं मान्य केलीत आणि युक्तिवाद वैध असेल, तर निष्कर्षापासून पळता येत नाही. आवडो न आवडो, तो गळ्यात पडतोच. तिसरं सांगताना त्यानं पिशवीतून केळं काढलं होतं. "सगळी केळी निळी असतात. माझ्या हातात केळं आहे. म्हणून ते निळं आहे. वैध का अवैध?" आम्ही सगळे ओरडलो, अवैध! "वैध," तो म्हणाला. "रचना बिनचूक आहे. पहिलं विधान खोटं आहे, एवढंच. पण विधान खरं की खोटं हे तर्कशास्त्र सांगत नाही रे बाबांनो. ते बाहेर जाऊन बघावं लागतं." मग ते केळं त्यानं सोलून खाल्लं.

त्याचं लग्न झालं तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची. सुंदरवहिनी आली ती हसरी, बोलकी, गाणी म्हणत धुणं धुणारी. लग्नात उखाणा घेताना तिनं एकदाच भावाचं नाव घेतलं, तेही इतक्या हळू की बायकांनी तीनदा घ्यायला लावलं. त्यानंतर कधी नाही. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती 'हे' म्हणायची, बाहेरच्यांपुढे 'सर'.

पहिला मुलगा झाला, प्रेमराज. दोन महिन्यांचा होऊन गेला. रिक्षातून दवाखान्यात नेताना तो माझ्या मांडीवर होता. वाटेत कधी गेला ते मला कळलं नाही. पूल ओलांडला तेव्हा हाताला गार लागला. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल बोलवत नाही.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. मुलगा झाला. आमची माय, मंदाबाई, गावाहून आली ती उंबऱ्यात पाय ठेवण्याआधीच म्हणाली, "भाऊ, मनं ऐक. नाव उखर्डूच ठेव. ज्या नावनी तुले जगाडं, तेच नाव."

भाऊ हसला. "माय, बापलेकाचं नाव एकच?"

"व्हऊ दे ना! पोऱ्या तं जगी."

तेवढ्यात आतून, बाजेवरून, वहिनीचा आवाज आला. बाळंतीण, पण आवाज खणखणीत. "आत्याबाई, नाव पियुष ठेवायचं. मी ठरवलंय." मायच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती तोंड उघडणार, तोच भाऊ मध्ये पडला. "मी ठरवलंय, माय. पियुष हे नाव माझं आहे. तिला बोलू नकोस, बोलायचं ते मला बोल." मग त्यानं मायला तर्कशास्त्र ऐकवलं, मायनं त्याला शिव्या ऐकवल्या, आणि बारशाची तयारी झाली.

बाराव्या दिवशी बारसं. पाळण्यात नाव सांगायचा मान आत्याचा. मी वाकले, बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी 'कुर्रर्र' केलं आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. मी उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "पियुष!" इथं मी एक गोष्ट गाळतेय. ती तिच्या जागी येईल.

पियुष म्हणजे काय पोरगं होतं हो! चार वर्षांचा असताना बापाच्या मांडीवर बसून तर्कशास्त्र शिकला. वहिनीपुढे उभा राहून म्हणायचा, "आई, भूक लागली की खायला देतात. मला भूक लागलीय. म्हणून दे. वैध!" आणि हात पुढे. निळ्या केळ्याची गोष्ट त्याला पटायची नाही. "पपा, पण कच्चं हिरवं, पिकलं की पिवळं, सडलं की काळं. मग निळं कधी?" भाऊ म्हणायचा, "बघ कोकिळा, हा बाहेर जाऊन बघणारा आहे. हा आपल्या पुढे जाणार." मधल्या काळात कामिनी झाली. तिला कुणी उखर्डूसारखं हलकं नाव दिलं नाही आणि ती ठणठणीत राहिली. भावाला केवढा आनंद! "माय, हे घे तुझ्या नियमाला उलटं उदाहरण. 'सगळे' म्हणणाऱ्याला पाडायला एक पुरतं." माय कसली ऐकतेय. म्हणाली, "आंडेरले कोन नजर लावस? मी पोऱ्यासनं सांगी ऱ्हायनू." मुलीला कोण नजर लावतं, नियम फक्त मुलांचा! भाऊ कपाळाला हात लावून बसला. नियम मोडायला लागला की माय नियमच बदलायची.

सहाव्या वर्षी, भाद्रपदात, पियुषला ताप आला. तीन दिवस. दुसऱ्या दिवसापासून शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी शर्थ केली, कुणाला बोल लावायला जागा नाही.

मी जामनेरहून पोचले तेव्हा त्याला घरी आणलं होतं. शाळेचा शर्ट घातला होता. मायनं छाती पिटत हंबरडा फोडला, "नाव बदलं नही म्हनीसन गया मना राजा! म्हनीसन गया!" आणि मी पाहिलं, शेजारी बसलेल्या वहिनीनं एकदाच मान वर केली. मायकडे पाहिलं. मग खाली घातली. त्यानंतर तिनं मोठ्यानं रडणं बंद केलं. मला वाटलं, दुःखानं बधिर झालीय. मी अकलेचा कांदा, मला तेवढंच वाटलं.

त्या दिवसानंतर भावाला वेड लागलं असं आम्ही सगळे समजलो. कॉलेजात तर तो आपलं नाव फळ्यावर लिहायचाच, आता घरीही सुरू झालं. जेवायला बसला की, पाहुणा आला की, दूधवाला पैसे मागायला दारात उभा राहिला की, विषय तोच. "आमची आई म्हणते नावानं मी जगलो. आता बघा यात दोष कुठे आहे." ओसरीवरून, मोठमोठ्यानं. एकदा मी चिडले. "अरे भाऊ, पोरगा गेलाय! आणि तुला अजून मायला हरवायचंय? माणूस आहेस का दगड?" स्वयंपाकघराकडे त्यानं एकदा नजर टाकली, एवढंच. आत वहिनी पाठमोरी भाकरी थापत होती.

पुढे माय गेली. मरेपर्यंत तिनं हार मानली नाही. मला वाटलं, आता तरी हा थांबेल, वाद घालायला समोर कोण आहे? पण छे! निवृत्त झाल्यावर तर वर्गही सुटला, आता नुसती ओसरी. वहिनी घरात असली की हा सुरू. वहिनी देवळात गेली की हा गप्प पेपर वाचत बसे. हे मी स्वतः पाहिलं, अनेकदा पाहिलं, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. बारावीला तर्कशास्त्रात शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क होते मला.

वहिनी पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. काम चोख, बोलणं जेवढ्यास तेवढं. गाणं नाही. मुलांच्या नावांचा विषय निघाला की उठून जायची. कामिनी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन दीपनगरच्या वसाहतीत गेली. जावई हितेंद्र तिथं वीजकेंद्रात आहे. पहिल्या दोन वेळा तिचे दिवस भरलेच नाहीत. तिसऱ्या वेळी माहेरी आली, आणि गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, तिला मुलगा झाला. हितेंद्रला सख्खी बहीण नाही. वहिनीनं मला फोन केला. "ताई, नाव सांगायला तुम्हीच या." कितीतरी वर्षांनी तिच्या आवाजात जीव होता. मी आदल्या दिवशी दुपारीच एसटीनं देवपुरात हजर.

ऊन ओसरीवर आलं होतं. आतल्या खोलीत कामिनी आणि बाळ झोपलेले. वहिनी डिंकाचे लाडू वळत बसली होती, भाऊ खुर्चीत. मी पाणी प्याले आणि विचारलं, "काय मग, नाव काय ठरवलंय?"

वहिनीनं हातातला लाडू नीट ताटात ठेवला. "ह्यांचंच ठेवायचंय."

"कुणाचं?"

"ह्यांचं हो. ह्यांचं नाव. कामिनीशी बोलले मी. ती म्हणाली, आई, तुला हवं ते कर."

भाऊ खुर्चीतून ताडकन उठला. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. माय गेली तेव्हा असा झाला नव्हता. "सुंदरा," तो म्हणाला, "मी किती वर्षं सांगतोय—"

"पंचवीस," वहिनी म्हणाली. "सगळं ऐकलंय मी. भाकऱ्या थापताना कान उघडे असतात. बसा. आज मी सांगते, तुम्ही ऐका."

आणि तिनं पदराला हात पुसले आणि सांगायला लागली. एकही शब्द चुकला नाही हो! वर्गातल्या हुशार पोरीसारखी.

"विधान एक. आधीचा मुलगा गेला असेल, तर पुढच्या मुलाला हलकं नाव द्यावं लागतं. नाही दिलं, तर तो जगत नाही. विधान दोन. प्रेमराज गेला होता, आणि पियुषला हलकं नाव दिलं नाही. निष्कर्ष, पियुष जगला नाही. आणि ते नाव ठेवलं कुणी? मी." तिनं वर पाहिलं. "बोला. वैध का अवैध?"

पियुष असाच म्हणायचा. त्याच सुरात, शेवटी हेल काढून.

भावाला म्हणावंच लागलं. "वैध आहे. पण पहिलं विधान खोटं आहे."

"कशावरून?"

"सुंदरा, त्याला काही पुरावा..."

"खोटं असल्याचा आहे पुरावा? तुम्हीच म्हणता, तर्कशास्त्र ते सांगत नाही, बाहेर जाऊन बघावं लागतं. मी बघितलं. तुम्हाला नाव होतं, तुम्ही जगलात. त्याला नव्हतं, तो गेला. मी दोनच बघितले, पण माझ्याकडे तेवढेच होते." तिचा आवाज फाटला. "हा निष्कर्ष मी त्याच दिवशी काढला होता. आत्याबाई रडल्या ना, तेव्हाच. तुम्ही मला त्यातून बाहेर काढायला एवढं बोलत होतात, तेही कळत होतं. काढू दिलं असतं मी, पण निघतच नव्हतं."

तेव्हा कळलं मला. इतकी वर्षं ओसरीवरून तो मायशी वाद घालत नव्हता, पाहुण्यांना शिकवत नव्हता. पाठमोऱ्या बसलेल्या एका बाईला ऐकू जावं म्हणून बोलत होता. तिला समोर बसवून 'तुझा दोष नाही' म्हणता येत नव्हतं, कारण तसं म्हणणं म्हणजे तिनं तो घेतलाय हे मान्य करणं. आणि मी त्याला दगड म्हटलं होतं.

मग भावानं एक गोष्ट केली, जी त्यानं आयुष्यात एकदाच, पियुषच्या नावावरून मायपुढे, केली होती. तो खाली तिच्यापुढे बसला आणि धडधडीत खोटं बोलला. "नाव तू ठेवलंच नाहीस. मी ठेवलं. तू माहेरी असतानाच मी पियुष ठरवलं होतं, तुझ्या तोंडून नुसतं आलं. दोष असला तर माझा आहे." त्याचे कान लालबुंद झाले होते. लहानपणी मायनं गूळ चोरल्याचं विचारलं की व्हायचे तसे.

वहिनीनं त्याच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "वहीच्या मागच्या पानावर मी सात नावं लिहिली होती," ती म्हणाली. "पियुष सगळ्यात वर होतं. ती वही अजून ट्रंकेत आहे. कशाला खोटं बोलता हो? तुम्हाला जमत नाही."

आता ती गाळलेली गोष्ट.

बारशाच्या दिवशी मी पाळण्यावर वाकले तेव्हा मला एकदम प्रेमराज आठवला. मांडीवर गार पडलेला. मी शिकलेली, भावाची विद्यार्थिनी, एक्क्याण्णव मार्कांची. पण मला इतकी भीती वाटली, इतकी भीती वाटली, की मी बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि तीनदा म्हटलं, उखर्डू, उखर्डू, उखर्डू. कुणी सांगितलं नव्हतं, मायनंसुद्धा नाही. म्हटलं, काय बिघडतं? कुर्रर्र आणि धपाट्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. मग उभी राहून मोठ्यानं पियुष म्हटलं. म्हणजे पोराच्या कानात पहिलं नाव पडलं ते हलकंच. ते दिलेलं होतं. दिलं होतं, आणि तरी तो गेला.

भाऊ पंचवीस वर्षं पहिल्या विधानाशी झगडत होता. खोटं होतं दुसरं. आणि ते खोटं आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं.

का नाही सांगितलं? लाज. दुसरं काही नाही. भावानं मला शिकवलं आणि मी त्याच्याच पोराच्या पाळण्यावर वाकून मायचा मंत्र म्हटला, हे त्याला कळलं तर तो काय म्हणेल? पियुष गेल्यावर माय रडत होती तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. चार माणसांत कुठं, म्हटलं, नंतर बघू. नंतर म्हणता म्हणता ते इतकं मागे पडलं, की ते सांगायला हवंय असं वाटेनासंच झालं. कुणाला त्याची गरज आहे हे मला ठाऊकच नव्हतं, असं मी स्वतःला समजावते. विचारलं असतं तर कळलं असतं.

त्या दुपारी मात्र मी बोलले. "वहिनी, थांबा. तुमचं दुसरं विधान खोटं आहे." आणि जसंच्या तसं सांगितलं. रिक्षा, भीती, कानात तीनदा उखर्डू, सगळं. बोलताना मी रडत होते. भाऊ माझ्याकडे पाहतच राहिला. मला वाटलं, झालं, आता सुटली ही. एका वाक्यासरशी सुटली.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, माझ्याजवळ आली आणि लाडवाच्या तुपाचा वास येणाऱ्या हातानं माझे डोळे पुसले.

"ताई, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "ह्यांचं बघून तुम्हीही? भाऊ-बहीण माझ्यासाठी किती खोटं बोलाल हो!"

"आईशप्पथ, वहिनी! कामिनीच्या बाळाची शप्पथ!"

"बाळाची नका घेऊ," ती चटकन म्हणाली. "असू द्या. मला राग नाही. उलट बरं वाटलं." आणि लाडू वळायला बसली.

मी किती विनवण्या केल्या. साक्षीदार कोण? पियुष. दुसरं कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावासारखी बिनचूक, खरी विधानं मांडली, आणि त्याच्या एका प्रेमळ खोट्यानंतर ती आली म्हणून तीही खोटी ठरली. आधी आली असती तर? एक दिवस आधी, एक तास आधी. त्याच्या आधी बोलले असते तरी चाललं असतं. पण तो बसला, तो बोलला, आणि मी दुसरी.

संध्याकाळी भाऊ मला अंगणात घेऊन गेला. "कोकिळा, खरं आहे?"

"खरं आहे, भाऊ."

त्यानं विश्वास ठेवला. त्याच्या डोळ्यांतून दिसलं मला. रागावला असता तर बरं झालं असतं, मी तयारीत होते. "जर तू तेव्हाच सांगितलं असतंस," तो म्हणाला. आयुष्यभर ज्यानं 'जर'ला 'तर' जोडायला शिकवलं, त्यानं पुढचं म्हटलंच नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी बारसं. घर भरलेलं, पाळण्याला झेंडूच्या माळा. मी बाळावर वाकले. तेवढ्यात वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, कानात नको. मोठ्यानं सांगा. मला ऐकू येऊ द्या."

मी तोंड उघडलं. पाळण्यातलं पोर माझ्याकडे टकामका पाहत होतं. बायका वाट बघत होत्या, कुणीतरी म्हणालं, सांगा ना आजी. मला जमलं नाही हो. शेवटी वहिनीच वाकली, आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा तिनं माझ्या भावाचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"उखर्डू."

भाऊ दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. बायकांनी कुर्रर्र केलं आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले.

"अजून मारा गं," मी म्हणाले. "जोरात मारा." सगळ्याजणी हसल्या.